आत्याची वही, नीरजचं बिल

नागपुरात घरखर्चावरून वाद निघाला आणि महिना एप्रिल-मे असला, तर तो फिरून फिरून थंडाव्यावरच येतो. बाकीच्या महिन्यांत तेल, साबण, पेट्रोल यांची उजळणी होते. पारा ४५च्या आसपास गेला की सगळा हिशेब विजेच्या मीटरपाशी गोळा होतो. म्हणून हा संवाद नागपुरातच घडवला आहे. माणसं दोन, दोन्ही मी रचलेली. आत्या अडुसष्ट वर्षांची, कोषागारातून निवृत्त, धंतोलीतल्या जुन्या बैठ्या घरात एकटी राहते आणि रोजचा खर्च अजून वहीत लिहिते. भाचा नीरज बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये बायको-मुलासह राहतो. पर्यावरणाची त्याला मनापासून कळकळ आहे, आणि त्या कळकळीवर महिन्याला पैसेही बरेच जातात. आत्याला पैशाची कळकळ आहे. माणसं रचलेली असली तरी त्यांची आकडेमोड वाचकांनी आपापल्या बिलाशी ताडून पाहावी.

आत्या: मे महिन्याचं बिल किती आलं तुझं?

नीरज: सहाशे दहा युनिट. तुझं?

आत्या: एकशे चाळीस.

नीरज: तू एकटी राहतेस. आमच्याकडे माणसं तीन.

आत्या: माणसं तीन आणि एसी दोन. माणसांचं मी काही बोलूनच नाही राहिले.

नीरज: दोन्ही एसी पाच स्टारचे आहेत, आत्या. साधे स्वस्त मिळत होते. पर्यावरणाचा विचार करून जास्तीचे पैसे मोजले.

आत्या: पर्यावरणासाठी एसी घेतला! बाप्पा! उपास म्हणून साबुदाण्याच्या खिचडीची दोन ताटं खाण्यासारखं झालं हे.

नीरज: हस तू. पण एसी घ्यायचाच असेल तर चांगला घ्यावा, हे चूक आहे का?

आत्या: ते चूक नाही. घ्यायचाच, हे कोणी ठरवलं, ते विचारून राहिले. दीड टनाचा एसी मेमधल्या रात्री तासाला सरासरी एक युनिट खातो. आठ तासांचे आठ, महिन्याचे दोनशे चाळीस. माझ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून एकशे ऐंशी वॅट. आठ तासांचं दीड युनिटही होत नाही. महिन्याचे त्रेचाळीस-चव्वेचाळीस. एका खोलीमागे दोनशे युनिटांचा फरक आहे, आणि तोही तुझ्या बिलाच्या वरच्या टोकाचा.

(इथे आत्याला मध्येच थांबवून थोडं सांगायला हवं, कारण बिलाची ही गोष्ट पुष्कळ घरांत नीट माहीत नसते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० या युनिटांना त्याच्या दुपटीहून अधिक, ३०१ ते ५०० ला आणखी वरचा, ५०० च्या पुढे सगळ्यांत जास्त. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे बिलातली एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करून आपलं युनिट इतक्याचं पडतं असं म्हणणं फसवं असतं. आपण एक युनिट वाचवतो ते सरासरी भावाचं नसतं, सगळ्यांत वरच्या टप्प्यातलं असतं. नीरजने मेमध्ये दोनशे युनिट वाचवले तर अडीच-तीन हजार रुपये सहज वाचतील. आत्याने तिच्या हिवाळ्यातल्या नव्वद युनिटांतून दहा वाचवले तर साठ-सत्तर रुपये. म्हणजे काटकसरीचं खरं मोल काटकसर न करणाऱ्याच्याच घरी असतं, हा या व्यवस्थेतला गमतीदार न्याय आहे.)

नीरज: तुझी खोली तळमजल्याची. खिडकीत कूलर, समोर अंगण, मागचं दार उघडं. कूलरला बाहेरची हवा लागते आणि आतली जायला वाट लागते. माझ्या बेडरूमला एकच खिडकी, तीही डक्टकडे. तिथे कूलर लावला तर रात्री अडीचला गादी दमट होते.

आत्या: मग हॉलला लाव. हॉलला बाल्कनी आहे. तिघंही हॉलमध्ये झोपा दीड महिना. आम्ही सात जण एका ताटीसमोर झोपायचो.

नीरज: मुलाचा अभ्यास, माझे रात्रीचे कॉल...

आत्या: मग एक एसी राहू दे, दुसरा बंद ठेव. आणि कितीवर लावतो?

नीरज: वीसवर.

आत्या: चोवीसवर लाव, वर पंखा चालव.

नीरज: हे तू कुठे वाचलंस?

आत्या: डब्यावर. नवा एसी सुरू केला की आपोआप चोवीसवरच येतो म्हणून त्यावरच लिहिलं असतं. तू रिमोट घेऊन खाली आणतो.

(आत्याचं बरोबर आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या घरगुती एसींना २४ अंश हे मूळ तापमान ठेवणं सक्तीचं आहे. एक अंश वर नेला की विजेत सहा टक्क्यांच्या आसपास बचत होते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. चार अंशांचा हिशेब नीरजने करावा.)

नीरज: ठीक आहे, थंडाव्यात तू जिंकलीस. पण तू वाचवतेस ते फक्त पैसे. तुझा कूलर रात्रीत पन्नास-साठ लिटर पाणी पितो. महिन्याचे झाले पंधराशे-अठराशे लिटर. ते तुझ्या वहीत कुठे आहे?

आत्या: आहे ना, पाण्याच्या बिलात.

नीरज: किती रुपये?

आत्या: वीसच्या आत.

नीरज: तेच म्हणतो मी! हजार लिटर पाणी आपल्याला चहाच्या एका कपाच्या भावात मिळतं, म्हणून तुझ्या वहीला ते दिसत नाही. २०१९ चा जुलै आठवतो? तोतलाडोहचं धरण आटलं होतं, आणि चोवीस तास पाण्याचा डंका वाजवणाऱ्या या शहरात एक दिवसाआड पाणी आलं. त्या महिन्यात तुझं पाण्याचं बिल वाढलं का?

आत्या: नाही. उलट कमी आलं असेल.

नीरज: टंचाईत बिल कमी येतं, आत्या. मग तू पैशाकडे पाहून पाणी कसं वाचवणार? अंगण अजून पाइपनेच धुतेस ना?

आत्या: धूळ किती असते उन्हाळ्यात!

नीरज: धूळ झाडूने जाते.

(आत्या इथे गप्प बसते. तिच्या वतीने एवढं सांगता येईल की कोरड्या उकाड्यात एक लिटर पाण्याची वाफ होताना खोलीतली जवळजवळ पाऊण युनिटाइतकी उष्णता निघून जाते. कूलरमधलं पाणी काम करून जातं. अंगणात पाइपने सोडलेलं पाणी कसलंच काम करत नाही. ताट्यांतलं जुनं वूडवूल दर उन्हाळ्याच्या आधी बदललं, त्यावर साचलेला क्षार खरवडला तर तेवढ्याच पाण्यात थंडावा जास्त मिळतो. वाळ्याची ताटी महाग पडते, पण तिचा वास ही नागपूरकरांची चैन आहे आणि ती मी कोणाला सोडायला सांगणार नाही. टाकी मात्र आठवड्याला रिकामी करून घासावी. डेंग्यूचा डास या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि दवाखान्याचा खर्च कूलरच्या बचतीला पुरून उरतो.)

आत्या: बरं, पाण्याचं मान्य. पण विजेचं तरी माझं आणि तुझ्या पर्यावरणाचं एकच आहे ना? युनिट वाचलं की दोघांचं भागलं.

नीरज: तिथे एकच आहे. उलट नागपूरइतकं स्पष्ट ते कुठेच दिसत नाही. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं आपल्या दाराशी आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच, खापरखेड्यात ५०० चा एक आणि २१० चे चार. एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. माझ्या मेच्या बिलात चारशे किलोहून जास्त कोळसा आहे. सव्वाशे-दीडशे किलो राख.

आत्या: ती राख जाते कुठे?

नीरज: काही सिमेंटला, काही विटांना. उरलेली तलावात. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा राखेचा गाळ लोकांच्या शेतांत गेला. ते माझ्या बिलात नव्हतं.

आत्या: पण कोराडीला पाणी तर आपल्या सांडपाण्याचं जातं ना? भांडेवाडीहून, शुद्ध करून.

नीरज: जातं. ही चांगली गोष्ट या शहराने केली आहे. पण सांडपाणी शुद्ध करता येतं, राख शुद्ध करता येत नाही.

आता स्वयंपाकघर. तिथे दोघांची बाजू अनपेक्षितपणे उलटते, म्हणून जरा थांबू.

नीरज: मी मागच्या वर्षी इंडक्शन घेतलं. गॅसच्या शेगडीवर निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने हवेत जाते. इंडक्शनवर दहा-पंधरा टक्केच वाया. शिवाय घरात धूर नाही.

आत्या: आणि पैसे?

नीरज: कमी लागत असतीलच की.

आत्या: ‘असतीलच’ नको. धर हिशेब. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरमध्ये एकशे ऐंशी युनिटांइतकी उष्णता असते. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त भांड्याला लागते. तेवढीच इंडक्शनवर हवी तर एकशे दहा ते एकशे वीस युनिट. सिलिंडर नऊशेच्या आसपास. माझ्या पहिल्या शंभराच्या दराने ते युनिट सात-आठशेत पडतील. तुझ्या वरच्या टप्प्याच्या दराने तेराशेच्या पुढे. इंडक्शन मला परवडतं, तुला नाही.

नीरज: म्हणजे मी गॅसवर जायचं आणि तू इंडक्शन घ्यायचं?

आत्या: मी कशाला घेऊ? एकशे वीस युनिट वाढले की मीही हिवाळ्यातसुद्धा दुसऱ्या टप्प्यात. मी डाळ अर्धा तास भिजवते, कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकदाच लावते, शिटी झाली की गॅस बारीक करते. तुझ्याकडे डाळीला वेगळा कुकर, भाताला वेगळं इलेक्ट्रिकचं भांडं, आणि मुलाची मॅगी मायक्रोवेव्हमध्ये.

(आकडा पाहता आत्या बरोबर आहे, पण नीरजची बाजू पूर्ण पडत नाही. दिवसभर घरात कोंडलेल्या धुराची किंमत कोणत्याही दरपत्रकात नाही, आणि ज्या घरात सोलरची वीज येते तिथे इंडक्शनचा हिशेब साफ बदलतो. मात्र ‘हे पर्यावरणाला चांगलं, म्हणजे स्वस्तही पडेल’ हे गृहीत धरून वस्तू घेणाऱ्यांनी वरची आकडेमोड एकदा स्वतः करावी. बिलाचा टप्पा बदलला की उत्तर बदलतं.)

आत्या: आणि तुझ्या त्या बांबूच्या ब्रशचं काय?

नीरज: प्लास्टिक कमी होतं.

आत्या: पैसेही कमी होतात, तुझे. स्टीलच्या स्ट्रॉ घेतल्या होत्या चार. वापरल्या का?

नीरज: एकदा. पाहुणे आले होते तेव्हा.

आत्या: मी स्ट्रॉच घेतली नाही. पेल्याला तोंड लावून पिते. तागाच्या पिशव्या तुझ्याकडे अकरा आहेत, मी मोजल्या. माझ्याकडे दोन, दोन्ही आईच्या नऊवारीच्या.

या विषयावर मी पूर्णपणे आत्याच्या बाजूने आहे. बाजारात ‘इको’ लिहिलेलं जे जे विकायला येतं, त्यातलं पुष्कळसं आपल्याला मुळात लागतच नव्हतं. न घेतलेली वस्तू सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी कचऱ्याची. आरओचं यंत्रही त्यातलंच. एक लिटर पाणी देताना ते तीनेक लिटर मोरीत सोडतं, वर्षाला फिल्टरचा खर्च वेगळा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं आहे. बोअरवेलवाल्यांनी पाणी तपासून घ्यावं. धरणाचं नळाचं पाणी पिणाऱ्याला साधा फिल्टर किंवा अतिनील किरणांचं यंत्र पुरतं.

नीरज: पण संत्र्याच्या सालींचं बायोएंझाइम तर फुकट आहे ना? एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने ठेवायचं. फरशी पुसायला, नळाचे डाग काढायला उत्तम.

आत्या: गूळ फुकट आहे का?

नीरज: शंभर ग्रॅम गुळात लिटरभर होतं. बाटलीबंद फिनाइलपेक्षा स्वस्तच.

आत्या: पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल केलं का?

नीरज: एक दिवस राहिलं. बाटली काचेची होती...

आत्या: प्लास्टिकच्या बरणीत कर. नागपुरात साली कमी नाहीत. हे मी करीन.

नीरज: करशील? मग आणखी एक कर. दारातल्या कडुनिंबाची पानं जाळणं बंद कर.

आत्या: ढीग किती होतो! कोण नेतं?

नीरज: जाळायला बंदी आहे. दंड पाच हजार.

आत्या: आजवर कोणी आलं नाही.

नीरज: बरं, दंड सोड. तुझ्या वहीतलंच दाखवतो. जूनमध्ये कुंड्यांसाठी गांडूळ खताच्या गोण्या कोणी आणल्या?

आत्या: ...मी.

नीरज: अंगणात पानं जाळायची आणि दुकानातून खत आणायचं. कोषागारात असं चाललं असतं का?

हा सरळ पराभव आहे आणि आत्याला तो कळतो. भाजीचे देठ, चहाचा चोथा आणि सुका पाला असे थरावर थर एका भोकं पाडलेल्या ड्रममध्ये लावले, ओल राखली आणि अधूनमधून ढवळलं, तर अडीच-तीन महिन्यांत खत होतं. घरात ओल्या कचऱ्याबरोबर घालायला सुका पाला मिळत नाही, ही फ्लॅटमधल्या खत करणाऱ्यांची नेहमीची रड असते. नीरजही असं खत करतो; त्याच्या ड्रमला तोच पाला हवा होता. पुढे पालाही तिकडे गेला आणि खतही इकडे आलं, असं समजू.

आत्या: आता सोलरचं सांग. वर्तमानपत्रात रोज जाहिरात असते.

नीरज: पीएम सूर्यघर योजना. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान. एका किलोवॅटमधून महिन्याला शंभर-एकशे वीस युनिट येतात. माझ्या बिलाला तर दोन-अडीच वर्षांत पैसे फिटतील.

आत्या: मग बसव.

नीरज: कुठे? गच्ची सोसायटीची आहे. सदतीस फ्लॅट, एकमत होत नाही. तू बसव ना, तुझी गच्ची मोकळी आहे.

आत्या: माझी बचत खालच्या दराची. मला एक किलोवॅट पुरेल आणि फिटायला पाच-सहा वर्षं लागतील. चुना मात्र मी दर मार्चला मारते गच्चीवर. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. आमच्या मागच्या घरात सोलर बसवलं, बिल शून्यावर आलं, आणि दिवाळीत त्यांनी आणखी एक एसी घेतला. हे कसलं वाचवणं?

नीरज: हे जुनं आहे, आत्या. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. यंत्रं कमी कोळशात चालायला लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला.

आत्या: त्याला माझ्या मागच्या घरी आणून दाखवायला हवं होतं.

नीरज: मग वाचलेल्या पैशाचं तू काय करतेस?

आत्या: पोस्टात टाकते.

नीरज: आणि पोस्टातले पैसे सरकार कशात घालतं?

आत्या: ते तू विचारू नको. तेवढं कोषागारालाही ठाऊक नसतं.

माझं मत विचाराल तर विजेत आणि खरेदीत आत्याची वही पुरेशी आहे; तिथे रुपया आणि राख एकाच दिशेला जातात. पाण्यात आणि कचऱ्यात वही आंधळी आहे, कारण त्यांची किंमत आपल्याकडून कोणी पुरती वसूलच करत नाही. तिथे नीरजची कळकळ लागते. नीरजने मात्र ती कळकळ दुकानात खर्च करणं सोडावं. चार्जरची बटणं बंद करण्यावर घरोघरी होणारी भांडणंही थांबवावीत. मोकळा चार्जर महिन्याला पाव युनिटही घेत नाही. दहा वॅटचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू असेल तर सात युनिट घेतो. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा पंधरा तास फिरला तर महिन्याला चौतीस युनिट घेतो, तीस वॅटचा बीएलडीसी पंखा साडेतेरा. आधी कशाला हात घालायचा हे यावरून कळावं.

पुढचं विजेचं बिल आलं की भरायची रक्कम नंतर पाहा. आधी त्यावर छापलेला मागच्या महिन्यांचा वीज वापर पाहा, आणि कोणत्या महिन्यात १०० ची, ३०० ची, ५०० ची रेघ ओलांडली तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या महिन्यात घरात काय नवीन चालू झालं होतं, ते घरातल्या सगळ्यांना विचारा. सुरुवात तिथून करा.